एक खूण पलीकडे

नाव : धाकू वल्द शिवा. जात : खारवी. राहणार : मूळ जयगड, हल्ली रत्नागिरी, मांडवीच्या अंगाला. वय : अदमासे चव्वेचाळीस, पुरावा नाही, 'आंब्याला मोहर धरला नव्हता त्या साली' एवढेच इसमाच्या आईने सांगून ठेवले आहे. उंची : पाच फूट तीन इंच, होडीत उभा असताना घेतल्यामुळे एक इंच इकडेतिकडे. वर्ण : छापील यादीतील पाचांपैकी एकाशीही जुळत नसल्याने 'सावळा' धरला. अक्षरज्ञान : नाही. डाव्या अंगठ्याचा ठसा : ठळक. नोकरी : सरकारी होडीवर खलाशी, चौदा वर्षे. वर्तणूक : समाधानकारक, वरिष्ठांस 'आता गप बसा' असे दोन वेळा म्हणाल्याची नोंद आहे, दोन्ही वेळा होडी लाटेच्या तोंडी होती. बुद्धी : मोजावयाची आहे.

शेवटचा रकाना नवा होता. १९२८च्या चैत्रात नव्या असिस्टंट साहेबांबरोबर तो रत्नागिरीत उतरला. तोवर सरकारी होडीवर माणूस घेताना त्याला दोन हात आहेत ना, एवढेच पाहत. मुंबईची आगबोट खोल पाण्यात लांब उभी राही. टपाल, अंमलदार आणि अंमलदारांच्या ट्रंका बंदरापासून तिथवर न्यायच्या आणि तिकडून येईल ते इकडे आणायचे, हे होडीचे काम. त्याला बुद्धी लागते असा आरोप कोणी केला नव्हता.

पण होडीचा म्होरक्या, म्हातारा तांडेल दादू, गुडघ्यांनी थकला आणि त्याची जागा मोकळी झाली. गेली दोन वर्षे दादू सुकाणूपाशी नुसता पान चघळत बसायचा आणि होडी धाकूच न्यायचा, त्यामुळे जागा धाकूची हे खारवीवाड्यात सगळ्यांनी गृहीत धरले होते. साहेबांनी धरले नव्हते. ते पुण्याहून आले होते, सज्जन होते, आणि त्यांच्यापाशी एक इंग्रजी पुस्तक होते. माणसाची अक्कल बारा प्रश्नांत कशी मोजावी याची रीत त्या पुस्तकात दिली होती. साहेबांनी ती आधी स्वतःवर चालवून पाहिली होती की नाही, हे कागदोपत्री आढळत नाही.

कचेरीच्या भिंतीवर हुकूम लागला. कचेरीतला कारकून रावजी याने तो खलाशांना वाचून दाखवला. तांडेलाच्या जागेसाठी सर्वांनी बुद्धिपरीक्षेस बसावे. ज्यास बारापैकी सर्वांत अधिक गुण पडतील तो तांडेल. ज्यास सहाहून कमी पडतील तो समुद्रावरील कामास अपात्र समजून मिठाच्या गोदामावर पहारेकरी म्हणून धाडला जाईल.

“म्हंजे होडीवर पण ठेवनार नाय?” धाकूने विचारले.

“सहाच्या खाली गेलास तर नाही.”

मिठाचे गोदाम गावात आत होते. चिऱ्याच्या जाड भिंती, दोन दारे, आणि दोन्ही दारे रस्त्याकडे. तिथे समुद्र दिसत नाहीच, पण वाराही एक वळण घेऊन, शिळा होऊन येतो. धाकूने समुद्राकडे पाठ करून सलग काढलेला सर्वांत मोठा काळ म्हणजे त्याचे स्वतःचे लग्न, आणि तेही अडीच दिवसांत उरकले होते.

हुकुमाखाली नमुन्याचे प्रश्न होते. रावजी हा कचेरीतला असला तरी माणूस बरा होता. संध्याकाळी तो धाकूच्या अंगणात येऊन बसला. धाकूची बायको मथुरा मासळीची पाटी धूत होती. तिने चहा ठेवला.

“हे बघ धाकू,” रावजी म्हणाला, “साहेब दोन गोष्टी सांगणार. मग तिसरी सांगणार आणि चौथी तुला विचारणार. सोपं आहे. पाखराला जसं घरटं, तसं मुंगीला काय?”

“साखर,” धाकू म्हणाला.

“साखर कशी?”

“मुंगी म्हनलं की साखर. मी काय चुकीचं बोललो?”

“अरे, पहिली जोडी बघ ना. पाखरू नि घरटं. त्यांचा एकमेकांशी संबंध काय?”

“भाऊसाहेब, संबंध लग्नात बघतात.”

“बरं, दुसरा घे. शेताला जसं भात, तसं समुद्राला काय?”

“खारं पानी.”

“मासा, मासा!” मथुरा पाटी आपटत म्हणाली. “शेतातून भात निघतं, दर्यातून मासा निघतो. इतकी साल खाताय, तोंडाला पन येईना?”

“बरोबर!” रावजी म्हणाला. “वहिनी, तुम्हीच बसा परीक्षेला.”

“बसले असते. पन मग पाटी कोन विकील? ह्ये गोदामावर बसून मीठ इकनार, नि मी इकडं मासळी. खारवून ठेवायची सोय झाली.”

त्या संध्याकाळी धाकूचे सहापैकी सहा चुकले. त्याची खोड एकच होती. तिसरा शब्द कानावर पडला की पहिले दोन त्याच्या लेखी बुडून गेलेले असत, आणि तिसऱ्याच्या शेजारी जे काही तरंगत दिसेल ते तो उचलून देई. कोंबडीला पिसे, तसे मेंढीला? कोंबडी. कारण दोन्ही जत्रेत लागतात. रावजीने संबंध, साम्य, प्रमाण असे तीन शब्द वापरून पाहिले आणि चौथा न सुचल्यामुळे घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आगबोटीकडे जाताना धुके होते. किनारा निम्मा दिसत होता, निम्मा नव्हता. धाकू सुकाणूवर होता आणि नेहमीप्रमाणे खुणा पाहत होता.

खुणांचे असे असते. पाण्यावर रस्ता नाही, मैलाचा दगड नाही. मग तांडेल किनाऱ्यावरच्या दोन वस्तू धरतो, एक पुढची आणि एक तिच्या मागची. किल्ल्याखालचा काळा खडक आणि वरचे दीपगृह एकावर एक आले, की होडी एका सरळ रेषेवर आहे. मग बाजूला पाहायचे. तिकडे तशीच दुसरी जोडी. भाट्याच्या अंगाचा एकांडा माड आणि त्याच्यामागे टेकडीच्या माथ्याला पडलेली खांड. तीही एकावर एक आली, की दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आपण. पाण्याखालच्या खडकांचे खडप चुकवायचे असो की खडपावरचे मासे काढायचे असोत, दोन जोड्या पुरतात.

त्या दिवशी टेकडी धुक्यात होती. खडक दिसत होता, दीपगृह दिसत होते, माड दिसत होता. धाकूने माडाच्या वर, जिथे काहीच नव्हते, तिथे नजर ठेवली आणि होडी वळवली. तीन खुणा दिसल्या की चौथी असतेच. धुके आले म्हणून ती कुठे जाते? पहिली जोडी जेवढी जुळली तेवढीच दुसरी जुळवायची, म्हणजे न दिसणारी कुठे असणार ते कळते. हे तो गेली तीस वर्षे करत होता. आणि करता करता तो एकदम मोठ्याने म्हणाला, “वारूळ!”

टपालाच्या पिशवीवर बसलेला खलाशी धोंडू दचकला. “कुठं?”

“मुंगीला,” धाकू म्हणाला आणि आगबोटीला होडी लावेपर्यंत एकटाच हसत राहिला.

संध्याकाळी त्याने रावजीला नमुन्याचे प्रश्न पुन्हा विचारायला लावले आणि सहाच्या सहा बरोबर दिले. “तुमी आधी सांगायचं की ह्या खुना हायत. पहिली जोडी एका रेषेत घेतल्याबिगर तिसरीकडं बघायचंच नाय. संबंध कसला घेऊन बसला!” रावजीने नंतर कबूल केले की ही गोष्ट पुस्तकात चार पानांत सांगितली होती आणि एवढी नीट सांगितली नव्हती.

मथुराने आपल्या मनाचे प्रश्न घातले. “विंचवाला नांगी, तशी माझ्या जावंला काय?”

“जीभ.”

“झालात पास,” ती म्हणाली.

आता इथे एक रीत सांगितली पाहिजे, नाही तर पुढचे सगळे वेडेपणाचे वाटेल. खडपावरच्या माशांच्या खुणा हे खारव्याचे घरातले धन. धाकूच्या बापाने, शिवाने, त्या धाकूला दिल्या तेव्हा होडी किनाऱ्यापासून तीन मैल होती, होडीत दोघेच होते, आणि तरी म्हाताऱ्याने तोंड कानाला लावून सांगितले. जमिनीवर त्यांचा उच्चार करायचा नाही. पण कोणी विचारले तर 'सांगत नाही' असेही म्हणायचे नाही. ते उद्धटपणाचे दिसते, शिवाय इथे काहीतरी आहे हे समोरच्याला कळते. मग सांगायचे, पण एक खूण सरकवून. माडाऐवजी माडाच्या पलीकडचा फणस. देवळाऐवजी देवळाच्या पलीकडची विहीर. भलतेच काही सांगायचे नाही, थाप पकडली जाते. खऱ्याच्या अगदी शेजारचे सांगायचे. हे सगळेच करतात आणि सगळे करतात हे सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून कोणाचे कोणावाचून अडत नाही आणि कोणाला कोणाचा राग येत नाही.

परीक्षा कचेरीत झाली. उकाडा होता, म्हणून साहेबांच्या खोलीचे दार सताड उघडे होते आणि पाच उमेदवार दाराबाहेर बाकावर ओळीने बसले होते. पहिला नंबर धाकूचा. दुसरा भिवाचा. भिवा पूर्णगडचा, दुसऱ्या सरकारी होडीवरचा खलाशी, आणि साऱ्या बंदरात धाकूच्या खालोखाल दर्या जाणणारा. तो दाराशी अगदी टेकून बसला होता. आत गेल्यावर धाकूला साहेब दिसले, साहेबांचे पुस्तक दिसले, आणि दाराच्या चौकटीत भिवाचा एक कान दिसला.

“घाबरू नकोस,” साहेब म्हणाले. “नीट विचार करून सांग. हाताला जसे कोपर, तसे पायाला काय?”

गुडघा. धाकूला तो लख्ख दिसला. हात आणि कोपर एका रेषेत आले, पाय आणि गुडघा दुसऱ्या. चौथी खूण धुक्यातून वर आली. आणि ती दिसताक्षणी त्याला भिवाचा कान दिसला.

“घोटा,” धाकू म्हणाला.

त्याच्या म्हणण्याप्रमाणे हे त्याने केले नाही, तोंडाने परस्पर केले. खूण कळली, शेजारी माणूस आहे, जीभ सरकली. तीस वर्षांची सवय.

“कालच्या मागून आज, तसे आजच्या मागून?”

“परवा.”

“गाईला वासरू, तसे शेळीला?”

“कोकरू.”

साहेबांनी पेन्सिलीने काहीतरी लिहिले. खोलीच्या कोपऱ्यात टिपण घेत बसलेल्या रावजीने मान वर करून धाकूकडे डोळे वटारले. आता धाकूच्या ध्यानात आले की काहीतरी विपरीत चालले आहे. पण आता मागे फिरणार कसे? तीन सरकवून चौथी खरी दिली, तर आधीच्या तिन्ही उघड्या पडणार. तो तसाच पुढे गेला. चैत्रामागून वैशाख, तसा श्रावणामागून? आश्विन. डोळ्याला दिसते, तसे कानाला? वास येतो. सुताराला करवत, तसा सोनाराला? घण. तो लोहाराचा, पण शेजारचाच.

एकच प्रश्न असा आला की त्याला खूण दिसलीच नाही. “वजनाला जसा तराजू, तसे तापाला काय?” ताप मोजतात हे धाकूने ऐकले नव्हते. त्याच्या घरी ताप येई आणि जाई. त्याने मनापासून विचार केला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, “दवाखाना.”

बाहेर पडताना भिवाने त्याला वाट दिली आणि आत गेला.

घरी मथुरा वाटेकडे डोळे लावून होती. “काय झालं?”

“एक पन खूण कळू दिली नाय,” धाकू अभिमानाने म्हणाला.

“कुनाला?”

“भिवाला.”

मथुराने हातातली पाटी खाली ठेवली. “नि सायबाला?”

धाकू ओट्यावर बसला. त्याने डोक्याचे मुंडासे सोडले, पुन्हा बांधले, पुन्हा सोडले. साहेबाची गोष्ट त्याच्या हिशेबातच आली नव्हती.

तीन दिवसांनी भिंतीवर निकाल लागला. भिवा, अकरा. धोंडू, सात. पुढच्या दोघांना सहा-सहा. धाकू, शून्य. निकालाखाली हुकूम होता की सदर धाकू याने सोमवारपासून मिठाच्या गोदामावर हजर व्हावे.

“शून्य?” मथुरा म्हणाली. “चुकून एक तरी बरोबर यावा की नाय मानसाचा?”

शनिवारी धाकू होडीवर गेला आणि परतताना त्याने सुकाणू धोंडूच्या हाती दिले, म्हणजे त्याला मागे वळून पाण्याकडे पाहता यावे. रविवारी तो गोदामाच्या रस्त्याने एकदा चालून आला. घरी येऊन म्हणाला, “तिथं एक पिंपळ हाय.” मथुराने तांब्या भरून पुढे ठेवला. तिने भात वाढला. त्याने चार घास खाल्ले.

इकडे रावजी रविवारी कचेरीत एकटाच बसून परीक्षेचे टिपण शाईने पक्के करत होता. कारकून माणूस, तो अर्थाकडे न पाहता लिहितो. पण एका ओळीखाली एक लिहिताना त्याचा हात थबकला. खरे उत्तर गुडघा, धाकूचे घोटा. खरे उद्या, धाकूचे परवा. खरे करडू, धाकूचे कोकरू. भाद्रपद, आश्विन. प्रत्येक वेळी अगदी शेजारचे, आणि प्रत्येक वेळी एकाच बाजूचे. रावजीचे सारे आयुष्य रत्नागिरीत गेले होते. त्याने लेखणी ठेवली आणि भिवाचा कागद ओढला.

भिवाची अकरा उत्तरे बरोबर होती. बारावे होते : वजनाला तराजू, तसे तापाला, 'सोनाराचे दुकान'.

रावजीने ते उत्तर दोनदा वाचले. तापाला सोनार कसा? मग त्याने मनातल्या मनात बाजारातून चालून पाहिले. पोस्ट गेले, किराण्याचे दुकान गेले, सोनाराचे दुकान आले, आणि त्याच्या पलीकडच्या दारावर दवाखान्याची पाटी होती. रावजी उठला, तसाच बंदरावर गेला आणि जाळे शिवत बसलेल्या भिवासमोर उभा राहिला.

“भिवा, तापाला सोनाराचं दुकान का रे?”

भिवाने सुई थांबवली. “चुकलं का ता?”

“चुकलं. बाकी अकरा बरोबर कशी आली?”

“आता काय सांगू, भाऊसाहेब,” भिवा म्हणाला. “धाकूचा बाप नि माजा बाप एका होडीत होते. धाकूच्या घरात खूण पलीकडं सरकते, ह्ये पूर्णगडात शेंबडं पोर पन सांगंल. त्यो घोटा म्हनला की मी एक अलीकडं आलो. परवा म्हनला, मी अलीकडं आलो. मेल्यानं दवाखाना म्हनला, म्हनून मी अलीकडं आलो. त्यो सोनार.”

“म्हणजे प्रश्न तुला येत नव्हते?”

“मला कशाला यायला पायजेत? धाकूला येत होते की.”

“आणि त्याला गोदामावर घालतायत ते?”

भिवाने जाळे बाजूला ठेवले. “ता मला पन बरं वाटत नाय. मला वाटलं त्यो आत हळूच सायबाला खरं सांगत असंल. असं शून्यापर्यंत कोन सरकवतं?”

सोमवारी सकाळी धाकू गोदामावर हजर व्हायच्या आधी रावजी भिवाला घेऊन साहेबांपुढे उभा राहिला. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. त्यांनी खुणांची रीत दोनदा समजावून घेतली, प्रश्न विचारले, चष्मा पुसला. रागावतील असे रावजीला वाटले होते. पण ते पुस्तकावर श्रद्धा असलेले गृहस्थ होते आणि अशा माणसाला अपवाद सापडला की तो सुखावतो.

“मला शून्य बघूनच संशय यायला हवा होता,” ते म्हणाले. “मठ्ठ माणसाला शून्य जमत नाही. मठ्ठ माणूस अंदाजाने तीन-चार तरी बरोबर देतो. प्रत्येक वेळी चुकायचं तर प्रत्येक वेळी बरोबर काय ते माहीत लागतं. बोलवा त्याला.”

धाकू आला. गोदामाच्या किल्ल्या त्याच्या कमरेला होत्या. शिपायाने सकाळी त्या घरीच आणून दिल्या होत्या.

“परीक्षा पुन्हा घेतो,” साहेब म्हणाले. “प्रश्न नवे. या वेळी दार लावू.”

धाकूने दाराकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले, भिंतीपलीकडे खोकणाऱ्या शिपायाचा अदमास घेतला. “सायेब,” तो म्हणाला, “जमिनीवर नको.”

आणि म्हणून साहेब आयुष्यात दुसऱ्यांदा होडीत बसले. पहिल्यांदा ते आगबोटीतून उतरून किनाऱ्याला आले होते तेव्हा, आणि ते त्यांना विसरायचे होते. होडीत तिघेच होते. वारा चांगला होता, शीड एकट्याने सांभाळता येत होते, म्हणून धाकूने दुसरा खलाशी घेतला नाही. रावजी मात्र त्याला चालला, कारण रावजीला मासा ताटात आल्याशिवाय ओळखू येत नव्हता.

किनारा लांब गेल्यावर साहेबांनी वही उघडली. होडी एकदा वर गेली, एकदा खाली आली. साहेबांचा चेहरा पिवळा झाला.

“पाखराला पंख,” ते दात आवळून म्हणाले, “तसे माशाला?”

धाकूने मागे पाहिले. पुढे पाहिले. एक समुद्रपक्षी होता, तो उडून जाईपर्यंत थांबला.

“पर,” तो हळूच म्हणाला. “सायेब, वहीत बघू नका. लांब किल्ल्याकडं बघा, पोट बसंल.”

“धनुष्याला बाण, तशी बंदुकीला?”

“गोळी.”

“रात्रीच्या शेवटाला पहाट, तशी दिवसाच्या शेवटाला?”

“सांज. सायेब, किल्ल्याकडं.”

पाचव्या प्रश्नापासून साहेबांनी वही रावजीकडे दिली आणि दोन्ही हातांनी होडीची कड धरली. रावजी विचारत गेला, धाकू सांगत गेला. उसाला रस, तसे नारळाला? पाणी. घोड्याला लगाम, तसे होडीला? यावर धाकू हसला, कारण ते त्याच्या हातातच होते. एकेक उत्तर बाहेर पडत होते तसतसे त्याचे खांदे खाली येत होते. तीस वर्षांत त्याने कोणाला एवढे खरे एका दमात सांगितले नव्हते. बारावे झाल्यावर त्याने लांब श्वास सोडला आणि कमरेच्या किल्ल्या काढून रावजीच्या पिशवीत घातल्या.

“बारा,” रावजी म्हणाला. त्याने तो आकडा वहीत दोनदा गिरवला.

साहेबांचे पोट किल्ल्याकडे पाहून खरोखरच बसले होते. त्यांनी धाकूला खुणा दाखवायला सांगितल्या. धाकूने बंदरात शिरायच्या खुणा दाखवल्या. त्या सगळ्यांच्याच असतात. खडक आणि दीपगृह एकावर एक येताना साहेबांनी पाहिले तेव्हा ते पोरासारखे हसले. मग त्यांनी खडपावरच्या माशांच्या खुणाही विचारल्या. धाकूने आढेवेढे न घेता सांगितल्या, आणि साहेबांनी त्या वहीत नीट उतरून घेतल्या. रावजीने धाकूकडे पाहिले. धाकू शिडाकडे पाहत होता.

घरी मथुराने किल्ल्या नाहीत हे पाहिले आणि तिला बाकी काही विचारावे लागले नाही. ती चुलीपुढे बसली आणि पदराने डोळे पुसून धुराला शिव्या देऊ लागली. त्या दुपारी तिरफळे घातलेली बांगड्याची आमटी होती. धाकू तीन वेळा भात मागून जेवला आणि ओट्यावर आडवा झाला. तो असा घोरला की शेजारची गंगुबाई काय झाले ते बघायला आली.

“काय झालं गो? बरं नाय काय?”

“बरं हाय,” मथुरा म्हणाली. “लय बरं हाय. घोरू दे.”

संध्याकाळी भिवा आला. दारातच उभा राहून म्हणाला, “आता सायबानं मला तुज्या हाताखाली घातलाय. म्हनाला, शून्यावरून अकरा काढनारा मानूस बाहेर ठेवू नये.”

“बस,” धाकू म्हणाला. “च्या घे. पन तापाला सोनार काय रे, मेल्या?”

“तू दवाखाना कशाला म्हनलास?”

“मला म्हाईतच नव्हतं.”

“आन् ता मला कसं कळायचं?” भिवा चिडून म्हणाला. “म्हाईत नाय तिथं तरी मानसानं खरं बोलू नये!”

मग तिघेही हसले, आणि मथुराने भिवाला पण उरलेली आमटी वाढली.

आठ दिवसांनी भिंतीवर नवा हुकूम लागला. रावजीने तो वाचून दाखवला. 'उमेदवार धाकू वल्द शिवा याची संबंधग्रहणशक्ती प्रथम चाचणीत शून्य व फेरचाचणीत पूर्ण आढळून आली. दोन्ही चाचण्या नियमास धरून झाल्या असल्याने त्यांपैकी कोणतीही रद्द करता येत नाही. सबब दोहोंची सरासरी काढून सदर इसमास मध्यम बुद्धीचा ठरवण्यात येत आहे, व मध्यम बुद्धी तांडेलाच्या कामास पुरेशी असल्याचे गृहीत धरून त्याची नेमणूक तात्पुरती, पुढील फेरतपासणीच्या अधीन राहून, करण्यात येत आहे.'

धाकू १९३९पर्यंत तांडेल होता. त्या अकरा वर्षांत होडी एकदाही खडकाला लागली नाही.